शर्यत वजनाची, चाल घरातल्या धाकट्याची

पाठीवर वजन घेऊन चालायची शर्यत सुरू होण्याआधी वजनकाट्यापाशी रांग लागते. प्रत्येक जण पाठीवरची सॅक उतरवून काट्यावर ठेवतो, आकडा नोंदला जातो आणि सॅक पुन्हा पाठीवर जाते. एकेकटे आलेले स्पर्धक इथून पटकन पुढे सरकतात. कुटुंबं मात्र घुटमळतात. बाबा म्हणतात, "तुझ्यातलं दोन किलो इकडे दे." आई म्हणते, "मला जमतंय, राहू दे." धाकटा हट्ट धरून बसतो की ताईच्या सॅकमध्ये जेवढं आहे तेवढंच मलाही पाहिजे.

कोणी किती उचलायचं, हा कुटुंबाने मिळून घ्यायचा पहिला निर्णय. काट्यावरच्या आकड्याकडे बघून तो घेतला तर हमखास चुकतो. पाठीवर वजन घेऊन चालताना सगळ्यांत जास्त किंमत वेगाची मोजावी लागते, वजनाचा नंबर त्यानंतर. आणि कुटुंबाचा वेग घरातल्या सगळ्यांत आखूड पायांवर ठरतो. हे एकदा नीट कळलं की वजनाच्या वाटणीपासून ते विश्रांती कधी घ्यायची इथपर्यंतची उत्तरं आपोआप सापडत जातात. म्हणून हा लेख मी मुद्दाम त्या गणिताभोवती लिहितो आहे.

आधी या खेळाविषयी थोडं. पाठीवर ठरलेलं वजन घेऊन ठरलेलं अंतर चालायचं, याला हल्ली रकिंग म्हणतात. शब्द आला 'रकसॅक'वरून आणि रकसॅक मूळचा जर्मन, अर्थ सरळ 'पाठीवरची पिशवी'. खेळ सैन्यातून आला हे उघड आहे. रोमन सैन्यात नव्या भरतीच्या शिपायांकडून सुमारे २० किलो ओझं वाहून नेण्याचा सराव करून घेत. सेनापती मारियसच्या काळापासून तर शिपायांना 'मारियसची खेचरं' असंच नाव पडलं होतं, कारण आपलं सामान ते आपल्याच पाठीवर वाहत.

आजच्या स्पर्धांचे आणि चाचण्यांचे नियम मात्र एकसारखे नाहीत आणि कुटुंबाने नाव नोंदवण्याआधी ते बारकाईने वाचायला हवेत. नेदरलँड्समधल्या नायमेखनची चार दिवसांची चाल १९०९ साली सुरू झाली. तिथे सर्वसामान्य लोक मोकळ्या पाठीने चालतात, सैनिकांच्या गटात मात्र रोजच्या ४० किलोमीटरना बहुतेकांच्या पाठीवर किमान १० किलो असतं. नॉर्वेच्या लष्कराची चालण्याची चाचणी १९१५ सालची. ३० किलोमीटर, ११ किलो. वजन सगळ्यांना एकच, पण वेळेची मर्यादा वय पाहून आणि स्त्री-पुरुष पाहून बदलते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या व्हाइट सँड्सच्या वाळवंटात १९८९ साली सुरू झालेला एक मार्च होतो. १९४२ मध्ये फिलिपिन्समधल्या बटान इथे ज्या अमेरिकी आणि फिलिपिनो युद्धकैद्यांना मैलोन्‌मैल चालवत नेलं, त्यांच्या आठवणीसाठी. तिथला 'हेवी' गट ३५ पाउंड, म्हणजे जवळपास १६ किलो घेऊन ४२ किलोमीटर चालतो. इंग्लंडमधल्या टेटबरी गावातली शर्यत अगदी वेगळी. लोकरीने भरलेली गोणी खांद्यावर टाकून खड्या चढावरून धावायचं, पुरुषांना ६० पाउंड आणि स्त्रियांना ३५.

मला स्वतःला सगळ्यांत शहाणी वाटते ती अमेरिकेतल्या वणवे विझवणाऱ्या जवानांची 'पॅक टेस्ट'. सुमारे साडेवीस किलो वजन घेऊन तीन मैल, म्हणजे ४.८ किलोमीटर, ४५ मिनिटांत जायचं. धावायला सक्त मनाई आहे. ज्यांचं काम कमी कष्टाचं, त्यांना त्याच्या साधारण निम्मं वजन, दोन मैल आणि ३० मिनिटं. त्याहून हलक्या कामाला रिकाम्या पाठीने एक मैल, १६ मिनिटांत. एकाच चाचणीच्या या तीन पायऱ्या झाल्या. ज्याच्या अंगात जेवढं, त्याला तेवढं. कुटुंबाने हीच नजर ठेवावी.

आता नियम वाचताना काय शोधायचं? एक, वजन माणशी ठरलेलं आहे, शरीराच्या वजनाच्या टक्केवारीत आहे, की सगळ्या संघाचं मिळून आहे. दोन, मुलांना वजनातून सूट आहे का. तीन, वाटेत वजन एकमेकांना देता येतं का. आणि चौथी गोष्ट बहुतेक लोक वाचतच नाहीत: ठरलेल्या वजनात पाणी आणि खाणं धरतात की नाही. पुष्कळ ठिकाणी 'कोरडं वजन', म्हणजे पाणी-खाणं वगळून, मोजतात. कारण साधं आहे, पाणी वाटेत संपतं आणि शेवटच्या काट्यावर सॅक हलकी भरते. संघाचं मिळून वजन आणि वाटेत अदलाबदलीची मुभा असा नियम असेल, तर कुटुंबासाठी त्यासारखी स्पर्धा नाही. माणशी ठरलेलं वजन मुलांनाही लागू असेल, तर त्या स्पर्धेत मुलांना नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दहा किलोंची खरी किंमत

१९७७ साली अमेरिकी सैन्याच्या एका संशोधन संस्थेत पँडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सूत्र मांडलं. माणसाचं वजन, पाठीवरचं ओझं, चालण्याचा वेग, चढ आणि पायाखालची जमीन एवढं दिलं की चालताना शरीर दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च करतं, ते हे सूत्र वॉटमध्ये सांगतं. विजेच्या दिव्यावर असतो तोच वॉट. हे सूत्र मोठ्या माणसांसाठी आहे, उतारासाठी ते चालत नाही आणि त्याचे आकडे अंदाजाचेच समजावेत. पण कशाचा खर्च कशापेक्षा मोठा, हे त्यातून लख्ख दिसतं.

७० किलो वजनाचा एक माणूस घेऊ. सपाट डांबरी रस्त्यावर रिकाम्या पाठीने तो ताशी ५.४ किलोमीटर वेगाने चालला, तर खर्च साधारण ३४० वॉट येतो. आता पाठीवर १० किलो द्या. खर्च होतो ३७८. म्हणजे जेमतेम ११ टक्के वाढ. २० किलो दिले तर ४२३, म्हणजे मूळच्या सुमारे सव्वापट. ३५ किलो, म्हणजे शरीराच्या निम्मं वजन दिलं, की ५११ वॉट. इथे एक बारकावा आहे. ओझं वाढतं तसा खर्च सरळ रेषेत न वाढता आधी सावकाश आणि मग झपाट्याने वाढतो. पहिले १० किलो स्वस्त पडतात. शेवटचे १० किलो कंबर मोडतात. म्हणून एका माणसाने सगळं उचलण्यापेक्षा ते वाटून घेणं नेहमीच फायद्याचं, आणि ही सोय कुटुंबाला आयतीच मिळालेली आहे.

पुढचा आकडा बघा. तोच माणूस, पाठ पुन्हा रिकामी, पण रस्त्याला ५ टक्के चढ आहे. शंभर मीटर पुढे गेल्यावर पाच मीटर वर, इतका साधा चढ. वेग तोच ठेवला तर खर्च ५२५ वॉट! म्हणजे सपाटीवर ३५ किलो वाहण्यापेक्षाही जास्त. सैल वाळूत तर रिकाम्या पाठीनेच ६०० वॉट लागतात. घरी बसून "आपण पाच किलो घ्यायचे की सात" यावर तासभर चर्चा होते आणि वाटेत चढ किती, जमीन कशी, हे कोणी विचारत नाही. आधी तेच विचारायला हवं.

आणि आता वेग. दहा किलो पाठीवर असलेल्या आपल्या माणसाने ताशी ५.४ ऐवजी ४.४ किलोमीटर वेग धरला, तर खर्च येतो सुमारे २८८ वॉट. सुरुवातीला रिकाम्या पाठीने चालताना तो ३४० वॉट खर्च करत होता. वेग ताशी फक्त एक किलोमीटरने कमी केला, तर दहा किलोंचं ओझं पाठीवर असूनही दर मिनिटाचा त्रास रिकाम्या पाठीपेक्षा कमी होतो. यात फसवाफसवी नको म्हणून हेही सांगतो की दहा किलोमीटर जायला आता सुमारे २५ मिनिटं जास्त लागतात, त्यामुळे अख्ख्या वाटेचा एकूण खर्च तीन-चार टक्क्यांनी जास्तच भरतो. पण माणूस एकूण खर्चाने कोसळत नाही. दर मिनिटाला झेपेल त्यापेक्षा जास्त खर्च केला की दम लागतो, पाय लटपटतात, बोलणं तुटक होतं. तो खर्च आपण आटोक्यात आणला.

मी ४.४ हा वेग उगाच निवडलेला नाही.

आखूड पायांचा हिशेब

चालताना आपला पाय उलट्या लंबकासारखा वागतो. टाच जमिनीवर टेकते आणि शरीर त्या पायावरून कमानीसारखं पलीकडे जातं. या कमानीवर शरीराला जमिनीकडे धरून ठेवायचं काम गुरुत्वाकर्षण करतं. वेग फार वाढला तर गुरुत्वाकर्षण अपुरं पडतं, शरीर कमानीवरून सुटू पाहतं आणि माणूस आपसूक धावायला लागतो. पाय जितका आखूड, तितकी ही वेळ लवकर येते.

एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज अभियंत्याने जहाजांच्या लहान प्रतिकृतींवर काम करताना वेग आणि लांबी यांना जोडणारं एक गुणोत्तर वापरलं होतं. पुढे प्राण्यांच्या चालीलाही ते लागू पडतं असं दिसून आलं. त्यानुसार ९० सेंटिमीटर पाय असलेल्या मोठ्या माणसाची आरामाची चाल निघते ताशी सुमारे ५.३ किलोमीटर आणि ७.५ च्या आसपास तो धावू लागतो. सात-आठ वर्षांच्या मुलाचा पाय ६० सेंटिमीटर धरला, तर त्याची आरामाची चाल ४.४ येते आणि तो ६.२ लाच धावू लागतो. (चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश, त्यामुळे तिथे मोठा माणूसही ताशी तीन किलोमीटरच्या थोडं पुढे गेला की चालणं सुटतं. अंतराळवीर तिथे उड्या मारत का जात होते, त्याचं हे एक कारण. मुलांना हे जरूर सांगा. वाटेतला कंटाळवाणा टप्पा अशा गोष्टींनी निघून जातो.)

म्हणजे बाबा आपल्या चालीने 'सहज' चालत असतात, तेव्हा शेजारचा मुलगा धावण्याच्या उंबरठ्यापर्यंतचं बरंच अंतर कापून गेलेला असतो. त्याची पावलंही जास्त पडतात. मोठ्या माणसाचं पाऊल ७५ सेंटिमीटरचं आणि मुलाचं ५० चं धरलं, तर दहा किलोमीटरला मोठ्याची साधारण १३ हजार पावलं होतात, मुलाची २० हजार. शिवाय शरीराच्या दर किलोमागे मुलांना चालायला मोठ्यांपेक्षा जास्तच ऊर्जा लागते. मूल "दमलो" म्हणतं तेव्हा ते नखरे करत नसतं. त्याच वाटेवर त्याने आपल्यापेक्षा खरोखरच जास्त काम केलेलं असतं.

आता दोन्ही हिशेब शेजारी ठेवा. मुलाची आरामाची चाल ४.४. आणि याच ४.४ वर मोठ्या माणसाला दहा किलो ओझं जाणवतं ते त्याच्या नेहमीच्या चालीपेक्षाही कमी. म्हणजे मुलाच्या चालीने चालायचं ठरवलं, की त्याच्या वाटचं वजन मोठ्यांच्या सॅकमध्ये जवळजवळ फुकट मावतं! मुलांमुळे आपला वेळ वाया जातो, असं शर्यतीत धापा टाकणाऱ्या आईबाबांच्या चेहऱ्यावर कधी कधी दिसतं. मला ते बघवत नाही. त्या संथ चालीनेच तर त्यांच्या पाठीवरचा भार हलका केलेला असतो.

हे कोणी जगून दाखवलं असेल, तर नेपाळच्या भरियांनी, म्हणजे डोंगरवाटांवर ओझी वाहणाऱ्या हमालांनी. डोको म्हणजे विणलेली टोपली पाठीवर घ्यायची आणि नाम्लो नावाचा पट्टा कपाळावरून घेऊन ओझं तोलायचं, अशी त्यांची पद्धत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एव्हरेस्टजवळच्या नामचे बाजार या गावाच्या वाटेवरच्या भरियांचं ओझं मोजलं, तेव्हा पुरुषांच्या पाठीवर सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के आणि स्त्रियांच्या पाठीवर ६६ टक्के भार निघाला. हे चालतात कसे? अगदी सावकाश आणि पुन्हा पुन्हा थांबत. हातात तोकमा नावाची इंग्रजी टी अक्षरासारखी काठी असते. थांबले की ओझं तिच्यावर टेकवतात, उभ्यानेच श्वास घेतात आणि पुढे निघतात. ओझं खाली उतरवत नाहीत, कारण पुन्हा उचलणं हीच सगळ्यांत दमवणारी गोष्ट. भरिये पोटासाठी हे वाहतात आणि आपण हौसेसाठी, हे भान ठेवूनच त्यांच्याकडून शिकावं.

मग वाटणी कशी करायची

समजा संघाचं मिळून २० किलो वजन ठरलं आहे. घरात चौघे: बाबा ७० किलो, आई ५८, चौदा वर्षांची मुलगी ४६ आणि आठ वर्षांचा मुलगा २४.

प्रत्येकी पाच किलो वाटले तर वरवर न्याय वाटतो. पण बाबांसाठी ते शरीराच्या ७ टक्के आणि मुलासाठी २१ टक्के होतात. मग म्हणावं, शरीराच्या वजनाप्रमाणे वाटू. तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला आपल्या वजनाच्या साधारण १० टक्के येतात आणि मुलाकडे २.४ किलो. हे बरं दिसतं, तरी मला पटत नाही. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संस्था दप्तरासाठी शरीराच्या १० ते २० टक्के ही कमाल मर्यादा सांगते, पण दप्तर घेऊन मूल थोडा वेळ चालतं. इथे तास न्‌ तास चालायचं आहे, आणि सगळ्यांचा वेग ज्याच्यावर ठरणार त्याच्याच पाठीवर वजन ठेवणं म्हणजे सगळ्यांनाच मागे ओढणं.

मी वाटणी अशी करेन: बाबा ९, आई ६, मुलगी ४, मुलगा १. बाबांना १३ टक्के, आईला १० च्या जरा वर, मुलीला ९ च्या आत आणि मुलाला ४. मुलाचा एक किलो म्हणजे त्याचं स्वतःचं पाणी, पावसाळी जाकीट आणि खाऊ. नियमात पाणी-खाणं मोजत नसतील, तर तो किलो बाबांकडे जाऊ द्या. मुलाच्या पाठीवर सॅक मात्र हवीच. ती काढून घेतली तर त्याला आपण शर्यतीत नसून सोबत आणलेलं सामान आहोत असं वाटतं. मुलं हे बोलून दाखवत नाहीत, पण त्यांच्या चालण्यात ते दिसतं.

किशोरवयीन मुलीचा प्रश्न नाजूक असतो. ती अंगाने जवळपास आईएवढी दिसते, म्हणून सगळे तिला आईएवढं वजन देतात. तिची वाढ अजून चालू आहे आणि ती थकल्याचं शेवटपर्यंत सांगत नाही. तिला थोडं कमी द्या आणि बदल्यात नकाशा किंवा वेळेचा हिशेब तिच्या हाती सोपवा. आजी-आजोबा सोबत असतील तर हाडांची ठिसूळता, गुडघे, रक्तदाब याविषयी आधी डॉक्टरांशी बोलून घ्या. गरोदर स्त्रीनेही तसंच. त्यांनी रिकाम्या पाठीने चालावं. संघाची चाल तशीही संथच असणार आहे.

वजन कशाचं न्यायचं? शक्य असेल तिथे एकेका किलोची घट्ट पुडकी करा. वाटेत अदलाबदल करायची वेळ आली की लोक अख्ख्या सॅक बदलतात आणि मग प्रत्येकाचे पट्टे नव्याने आवळण्यात दहा मिनिटं जातात. पुडकं काढून दुसऱ्याच्या सॅकमध्ये टाकायला अर्धं मिनिट पुरतं. कोरडं धान्य उत्तम, कारण ते पाठीला टोचत नाही. व्हाइट सँड्सच्या मार्चमध्ये अनेक जण वजन म्हणून धान्य-कडधान्यच नेतात आणि शेवटी ते गरजूंसाठी देऊन टाकतात. वाळू नेलीत तर पिशवी दुहेरी हवी. लोखंडी प्लेट नेलीत तर ती टॉवेलमध्ये गुंडाळा. आणि काहीही नेलंत तरी ते आत हलता कामा नये. प्रत्येक पावलाला सरकणारं एक किलो हे न सरकणाऱ्या तीन किलोंपेक्षा जास्त छळतं.

सॅकमध्ये जड पुडकं पाठीला चिकटून आणि खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध येईल असं ठेवावं. का, ते बघा. १० किलो वजन पाठीपासून १० सेंटिमीटर दूर सरकलं, की लांब केलेल्या हातात दीड किलो धरून ठेवण्याइतका जादा ताण पाठीला सतत सोसावा लागतो. माणूस तो पुढे वाकून भरून काढतो आणि संध्याकाळी मान धरते. खडबडीत, दगडधोंड्यांच्या वाटेवर वजन किंचित खाली आणा, तोल चांगला राहतो.

कंबरपट्टा ही सॅकची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. तो पोटावर न बांधता कमरेच्या हाडावर बसवायचा आणि आधी तो आवळून मग खांद्याचे पट्टे ओढायचे. उलट क्रमाने केलं तर सगळा भार खांद्यांवर राहतो. खांद्याखालून हाताकडे जाणाऱ्या नसा अशा पट्ट्याखाली दबतात. बोटांना मुंग्या येतात, हाताची पकड ढिली होते. सैनिकांमध्ये या दुखण्याला 'रकसॅक पाल्सी' असं नावच आहे आणि बिघडलं तर बरं व्हायला आठवडे, महिने जातात. एका सराव चालीत माझ्या लेकीने सहज म्हणून सांगितलं की करंगळी झोपली आहे. मी "हात झटक" म्हणालो आणि पुढे गेलो. पट्टा लगेच सैल करायला हवा होता. संध्याकाळपर्यंत तिचा हात जड राहिला आणि मला त्याची अजून चुटपुट आहे. तेव्हापासून आमच्या घरात दर थांब्यावर सगळ्यांनी बोटं हलवून दाखवायची, हा नियम आहे.

सराव आणि पाय

सराव रोज करावा लागत नाही, ही आनंदाची गोष्ट. अमेरिकी सैन्यातल्या एका अभ्यासात महिन्यातून दोनदा किंवा चारदा वजन घेऊन चाललेले गट, एकदा किंवा अजिबात न चाललेल्यांपेक्षा वेगवान ठरले. दोनदा आणि चारदा चालणाऱ्यांत मात्र फारसा फरक पडला नाही. नोकरी-शाळा सांभाळणाऱ्या कुटुंबाला दर पंधरवड्याला एक मोठी चाल सहज जमते. बाकी दिवशी रिकाम्या पाठीने चालणं, जिने चढणं, थोडे पाठीचे आणि मांड्यांचे व्यायाम पुरेत. मात्र दोन-तीन महिने हाताशी ठेवा. दम लवकर वाढतो, स्नायू त्यानंतर, आणि स्नायूंना हाडांशी बांधणारे दोर सगळ्यांत मागून तयार होतात. तिसऱ्या आठवड्यात "आता जमतंय" म्हणून वजन दुप्पट करणाऱ्यांचे गुडघे आणि टाचा इथेच दुखावतात. एका वेळी एकच गोष्ट वाढवा, अंतर किंवा वजन. मुलांच्या सरावात वजन वाढवूच नका, फक्त अंतर.

वजन घेऊन धावू नका. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. धावताना दोन्ही हवेत जातात आणि उतरताना शरीराच्या दुपटीहून जास्त धक्का एका पायावर येतो. त्यात सॅकचं वजन मिसळलं की काय होईल, ते वेगळं सांगायला नको. उताराचं तर आणखी जपावं. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जो ठणका लागतो, तो त्याचाच. पावलं छोटी टाका आणि गुडघे किंचित वाकलेले ठेवा.

फोड हा या खेळातला खरा शत्रू. कातडी मोज्याला चिकटून राहते, आतलं हाड पुढे-मागे सरकतं आणि मधल्या थरात चीर पडून पाणी भरतं. घामाने घर्षण वाढतं, वजनाने दाब वाढतो. पायात कुठे गरम झाल्यासारखं वाटलं की त्याच क्षणी थांबून तिथे चिकटपट्टी लावायची. "पुढच्या थांब्यावर बघू" म्हटलं की फोड आलाच. मुलांना ही गरम जाणीव ओळखता येत नाही, म्हणून पहिल्या अर्ध्या तासानंतर त्यांचे मोजे उतरवून पाय स्वतः बघावेत. नवे बूट शर्यतीच्या दिवशी कोणीही घालू नयेत.

पाणी तहान लागेल तसं प्यावं. जोरजबरदस्तीने ढोसू नये, कारण तासन्‌तास नुसतं पाणीच भरमसाट प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही धोक्याचं असतं. लहान मुलं मात्र खेळाच्या नादात तहान विसरतात, त्यांना आठवण करावी लागते.

शर्यतीच्या दिवशी सगळ्यांत पुढे धाकटा. त्याच्या मागे बाकीचे, आणि शेवटी सगळ्यांत दमदार माणूस. धाकटा पुढे असला की चाल आपोआप त्याची राहते. तो मागे असला तर दर वळणावर त्याला धावत गाठावं लागतं आणि तो पोचला की आधी पोचलेले, विश्रांती झालेले लोक उठून चालू लागतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी तोच तिच्यावाचून राहतो. पुडक्यांची अदलाबदल चढ सुरू होण्याआधी सपाटीवर उरकायची, चढाच्या मध्यावर नाही. चाल ठीक आहे का, हे पाहायला घड्याळ लागत नाही. सगळ्यांना पूर्ण वाक्यात बोलता येतंय ना, एवढं बघा.

आणि घरात तान्हं बाळ असेल तर? पाठीवरच्या खुर्चीत बसवून नेता येतं, पण ते आधाराशिवाय नीट बसू लागल्यावर आणि मान पक्की झाल्यावरच. बाळाला स्पर्धेच्या वजनात धरू नका, संयोजकांनी मुभा दिली तरी. धान्याचं पुडकं खाली ठेवून दम खाता येतो, बाळाला तसं ठेवता येत नाही. ज्याच्या पाठीवर बाळ त्याच्याकडे दुसरं काही नको, आणि ठेचाळला तर सावरायला दोन्ही हात मोकळे हवेत. एक गोष्ट हटकून विसरली जाते: चालणारा माणूस घामाघूम झालेला असतो, तेव्हा पाठीवरचं बाळ मात्र अजिबात हललेलं नसतं. आपल्याला उकडतंय म्हणून त्यालाही उकडत असेल असं धरून चालू नका. वाऱ्याच्या टेकडीवर ते गारठलेलं असू शकतं. दर थांब्यावर त्याच्या मानेमागे, कपड्यांच्या आत हात घालून बघा, गार लागली तर आणखी एक थर चढवा.